‘टर्न’मध्ये अडकलेला कंटेनर: रावेर पट्ट्यातल्या एका पॅकहाऊसचं प्रकरण

मेल जेमतेम चार ओळींचा होता. आखातातल्या खरेदीदाराच्या व्यवस्थापकाने सकाळी पाठवलेला. तो जसा होता तसाच देते:

‘सम ऑफ द बॉक्सेस बाय द डोअर्स हॅव टर्न्ड. द सर्व्हेअर ओन्ली टर्न्ड अप धिस मॉर्निंग. टर्न्स आउट द युनिट हॅड बीन टर्न्ड अप अलाँग द वे. प्लीज चेक द सेकंड युनिट, अँड इफ इट्स हाय, टर्न इट डाऊन, ऑर आय विल बी टर्निंग दॅट डाऊन अ‍ॅज वेल.’

‘टर्न’ या एका क्रियापदाची सहा रूपं आणि सहा वेगवेगळे अर्थ. लिहिणाऱ्याला ते जाणवलंही नसेल. इंग्रजी ज्याच्या घरात बोलली जाते त्याच्या कानाला यात काही खटकत नाही. पण हा मेल सावदा आणि रावेरच्या मधल्या एका पॅकहाऊसमध्ये आला, तिथल्या कागदपत्रं बघणाऱ्या मुलाने वाचला, आणि त्याच्या जोरावर भरलेल्या कंटेनरमधून केळीच्या बॉक्सचा एक अख्खा थर खाली उतरवला गेला. कंटेनर थंड ठेवणाऱ्या मशिनच्या तापमानाला मात्र कोणी हात लावला नाही. मेलमध्ये सांगितलेलं काम नेमकं तेच होतं.

मी याच भागात इंग्रजी शिकवते. पॅकहाऊसच्या मालकांना सगळे आबा म्हणतात. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला बोलावलं ते मुलावर रागावून नव्हे. ‘मॅडम, पोरगं हुशार आहे,’ ते म्हणाले, ‘पण तिकडचा माणूस काय लिहून राहिला अन् हा काय समजून राहिला, याचा काही मेळ बसेना. एकदा बसून बघा.’ बसून बघितलं. जे दिसलं ते फक्त या मुलापुरतं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी पार्श्वभूमी. रावेर, यावल, चोपडा हा तापीकाठचा केळीचा पट्टा. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथून कंटेनर भरून न्हावा-शेव्याला जातात आणि तिथून जहाजाने आखातात. घड शेतातून आला की फण्या सुट्या करायच्या, टाकीत धुवायच्या, चीक काढायचा, वजन करून बॉक्समध्ये भरायच्या, मग बॉक्सची थप्पी कंटेनरमध्ये लावायची. कच्ची हिरवी केळी साधारण 13 ते 14 अंश सेल्सिअसवर जाते. त्याखाली गेली की सालीला थंडी बाधते आणि ती करडी, निस्तेज पडते. वर गेली की वाटेतच पिकायला लागते. पिकणारी केळी इथिलीन वायू सोडते आणि शेजारच्या हिरव्या केळीलाही सोबत ओढते, म्हणून चार बॉक्स पिवळे दिसले की व्यापाऱ्याच्या पोटात गोळा येतो. कंटेनरमध्ये थंड हवा मशिनच्या बाजूने जमिनीलगत सुटते आणि दारापर्यंत पोचते तोवर थोडी गरम झालेली असते. त्यामुळे गडबड झाली तर ती आधी दाराजवळच्या बॉक्समध्ये दिसते.

हे सगळं त्या मुलाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. म्हणूनच हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं.

मुलगा वाणिज्य पदवीधर. राज्यात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आली, तो त्यानंतर शाळेत गेलेला, म्हणजे पहिलीपासून शिकलेला. मार्क चांगले. पॅकिंग लिस्ट, इनव्हॉइस, रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र, बंदराचे कागद असं सगळं तो एकटा सांभाळतो. ‘टर्न’ हा शब्द त्याला तिसरी-चौथीपासून येतो. टर्न लेफ्ट, टर्न राइट, टर्न द पेज. वळणे, फिरणे, उलटणे.

त्याने मेल कसा वाचला ते त्याच्याच तोंडून ऐकलं. दाराजवळचे काही बॉक्स उलटले आहेत. सर्व्हेअरने, म्हणजे माल तपासणाऱ्या माणसाने, आज सकाळी फक्त उलटून बघितलं. ‘टर्न्स आउट’ म्हणजे बाहेर पडले असावेत. वाटेत कंटेनर वर झाला होता, म्हणजे तिरका झाला होता. दुसरा कंटेनर तपासा, आणि थप्पी उंच असेल तर खाली घ्या, नाहीतर तोही खाली पडेल.

आता याच्यावर हसण्याआधी त्याच्या जागी बसून बघा. आमचा माल जळगाव, धुळे, नाशिक करत कसारा घाटाने उतरतो. घाटात वळणं आहेत, ट्रेलर कलतो, दाराच्या बाजूची थप्पी सरकते, हे त्याने ड्रायव्हरच्या तोंडून दहादा ऐकलंय. ‘अलाँग द वे’ म्हणजे वाटेत, तर घाटच असणार. कंटेनरला आमच्या धंद्यात सर्रास ‘युनिट’ म्हणतात, आणि मेल लिहिणाऱ्याने मात्र तो शब्द एकदा थंड करणाऱ्या मशिनला आणि एकदा कंटेनरला वापरला होता. आणि ‘इफ इट्स हाय’ वाचून तर त्याची खात्रीच पटली, कारण कंटेनरच्या आतल्या भिंतीवर एक लाल रेघ असते. त्या रेघेच्या वर माल लावायचा नसतो, नाहीतर हवा परत फिरत नाही. उंच म्हणजे लाल रेघेच्या वर, यात त्याला शंका घ्यायला जागाच नव्हती.

सहाच्या सहा ठिकाणी अर्थ हुकला होता, आणि तरी त्याची गोष्ट एकसंध होती. घाट, कललेला ट्रेलर, उलटलेले बॉक्स, उंच थप्पी. एकही वाक्य दुसऱ्याशी भांडत नव्हतं. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. चुकीचा अर्थ लागला की वाचताना कुठेतरी अडखळायला होईल, असं आपण धरून चालतो. मुलांनाही तेच शिकवतो, ‘अर्थ लागत नसेल तर शब्दकोश बघ.’ इथे अर्थ लागत होता, म्हणून शब्दकोश उघडायचं कारणच पडलं नाही. अनोळखी शब्द असता तर तो थांबला असता. त्याच आठवड्यात आलेल्या दुसऱ्या एका मेलमधला ‘डिस्क्रेपन्सी’ त्याने शोधून वहीत लिहून ठेवला होता, स्पेलिंगसकट. अवघड शब्दाला तो घाबरतो, म्हणून तिथे सावध असतो. फसला तो सोप्यापाशी. मोबाइलमधल्या भाषांतराच्या ॲपला त्याने पहिलं वाक्य घातलं होतं, खात्रीसाठी. उत्तर आलं, ‘दारांजवळील काही बॉक्स वळले आहेत.’ झालं.

मग काय घडलं ते थोडक्यात. दुसरा कंटेनर पॅकहाऊसच्या धक्क्यावरच होता, भरत आलेला. हमालांना परत आत पाठवून वरचा एक थर उतरवला. तेवढा वेळ दार उघडं, बाहेर खानदेशचं ऊन. बॉक्स कमी झाले म्हणून पॅकिंग लिस्ट बदलली, इनव्हॉइस बदललं. मुलाने विनयाने उत्तर पाठवलं: थप्पीचे फोटो जोडत आहोत, पहिल्या कंटेनरच्या वेळी बॉक्स नीट बांधले होते, वाहतूकदाराला विचारणा केली आहे, दुसऱ्याची उंची कमी केली आहे. तिकडून प्रश्न आला, ‘व्हॉट हाइट?’ पाठोपाठ दुसरी ओळ, ‘नथिंग राँग विथ द स्टॅकिंग. द फ्रूट हॅज टर्न्ड.’

‘फ्रूट’ हा शब्द वाचल्यावर मुलाच्या डोक्यात प्रकाश पडला. बॉक्स उलटू शकतो. केळी कशी उलटेल?

तो धावत कंटेनरच्या मशिनकडे गेला. आकडा समोरच झळकत होता, 16. हवा होता 13.5. कंटेनर आला तेव्हापासून तो तसाच होता आणि कोणीच बघितला नव्हता. तो आकडा खाली घेतला, कंटेनर गेला, आणि माल पलीकडे हिरवा पोचला. पहिल्या कंटेनरचं तापमान वाटेत कोणी वाढवलं याचा छडा मशिनच्या नोंदीवरून लावायचा होता, तो वाद पुढे चालला आणि शेवटी भावात काही कपात सोसून मिटला. एक दिवस आधी विचारणा झाली असती तर बाजू जास्त भक्कम राहिली असती, असं आबांचं म्हणणं आहे. मलाही ते पटतं.

आता शिक्षिका म्हणून माझा प्रश्न वेगळा होता. ‘रिजेक्ट’, ‘इन्क्रीज’, ‘रिड्यूस’, ‘अराइव्ह’ हे सगळे शब्द या मुलाला पक्के येतात. हाच मेल तशा शब्दांत आला असता तर त्याने एका दमात बरोबर वाचला असता. मग ‘टर्न डाऊन’, ‘टर्न अप’ का नाहीत?

कारण आपली इंग्रजी कचेरीतून आली. अर्ज, नोटीस, परिपत्रक, कोर्टाचा निकाल, पाठ्यपुस्तक. तिथे लॅटिन आणि फ्रेंच वळणाची जड क्रियापदं बसलेली असतात. पोस्टपोन, कॅन्सल, टॉलरेट, इन्व्हेस्टिगेट. इंग्रज माणूस घरात, गोदीवर, फोनवर बोलतो तेव्हा पुट ऑफ, कॉल ऑफ, पुट अप विथ, लुक इन्टू म्हणतो. त्याच्यासाठी ही सोपी भाषा आहे आणि जड शब्द म्हणजे औपचारिक भाषा. आपल्यासाठी उलटं. समोरचा आपल्याला सोपं जावं म्हणून साधं लिहायला जातो आणि नेमका तिथेच आपला पाय घसरतो.

ही अडचण आजची नाही. सॅम्युअल जॉन्सनने 1755 साली आपला इंग्रजी शब्दकोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच त्याने लिहून ठेवलंय की क्रियापदाला मागून एक छोटा शब्द जोडून अर्थ बदलायची इंग्रजीला फार सवय आहे आणि परक्यांना सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो. त्याने दिलेली उदाहरणं वाचण्यासारखी आहेत. ‘सेट ऑफ’चा अर्थ तो देतो शोभा वाढवणे, ‘टेक ऑफ’चा अर्थ नक्कल करणे. आज आपल्या मुलांना विचारलं तर टेक ऑफ म्हणजे विमान उडणे. म्हणजे जोडी तीच राहते आणि तिच्यावर नवे अर्थ चढत जातात, जुने पूर्ण जातही नाहीत. अशा जोडीला ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव तर खूप नंतरचं. 1925 मध्ये लोगन पिअर्सल स्मिथच्या पुस्तकातून ते रुळलं. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद कुठल्या भारदस्त शब्दाची नव्हती, ‘सेट’ची होती. नंतरच्या सुधारणेत ‘रन’ त्याच्याही पुढे गेला आणि त्याचे एकट्या क्रियापदाचेच सहाशेच्या वर अर्थ धरले गेले. शब्द जितका लहान आणि जितका वापरातला, तितकं त्याच्या अंगावर ओझं जास्त.

म्हणून अर्थांची यादी पाठ करायला लावणं मला पटत नाही. बाजारात ‘पाचशे फ्रेझल व्हर्ब’ छापाच्या वह्या मिळतात, मुलं त्या पाठही करतात. पण यादीत टर्न डाऊनपुढे ‘नाकारणे’ एवढंच असेल तर ‘इफ इट्स हाय, टर्न इट डाऊन’ म्हणजे दुसरा कंटेनर नाकारा असा अर्थ निघेल, आणि तो तर थप्पी उतरवण्यापेक्षाही महागात पडला असता.

आम्ही काय केलं ते सांगते. मेल बाजूला ठेवला आणि मी मुलाला विचारलं, ‘केळी पिवळी पडली, यात काय पडलं?’

तो थांबला. म्हटलं, एखादा जर्मन माणूस मराठी शिकतोय, त्याला ‘पडणे’ म्हणजे खाली येणे एवढंच माहीत आहे. त्याला तू मेल टाकलास, ‘दाराजवळची केळी पिवळी पडली.’ तो काय करेल? तो थप्पीचा फोटोच मागेल ना?

मग आम्ही एक पुठ्ठा घेतला, फाटक्या बॉक्सचा, आणि दिवसभरात पॅकहाऊसमध्ये जिथे कुठे ‘पडणे’ ऐकू येईल ते त्यावर लिहीत गेलो. टाकीवरच्या बायका, हमाल, वजनकाट्यावरचा माणूस, सगळे यात ओढले गेले. भाव पडला. पाऊस पडला. तो आजारी पडला. बॉक्स कमी पडले. दोन माणसं जास्त पडतात. हे मला महाग पडलं. कामात खंड पडला. प्रश्न पडला. विसर पडला. माझ्या गळ्यात पडलं. उपयोगी पडला. तो घरातून लवकर बाहेर पडला. गाठ पडली. पाया पडला. सगळं पाच वाजता पार पडलं. आमच्याकडे तर ‘मला जावं पडेल’ हेही चालतं. पुठ्ठ्याची एक बाजू भरली. यातला एकही अर्थ कुणी कुणाला शिकवलेला नाही.

मग मुलाला विचारलं, तुला कसं कळतं कुठला ‘पडणे’ आहे ते? त्याने विचार करून दिलेलं उत्तर मला फार आवडलं: ‘मॅडम, आधी कोण पडलं ते बघतो. भाव असेल तर कमी झाला. पाऊस असेल तर आला. पडण्याकडे बघतच नाही.’

तेच. मराठीत आपण क्रियापदाकडे नव्हे, त्याच्या शेजारच्या नामाकडे बघून अर्थ ठरवतो, नकळत. इंग्रजीत मात्र शाळेने आपल्याला प्रत्येक क्रियापदाला एक मराठी शब्द चिकटवून दिलाय, टर्न म्हणजे वळणे, आणि मग आपण नाम काहीही असो, तोच चिकटवलेला शब्द लावत जातो.

आता मेल परत घेतला आणि ‘टर्न’वर बोट ठेवून झाकून टाकला. उरलं काय? पहिल्या वाक्यात बॉक्स, पण बॉक्स म्हणजे आतलं फळ. फळाचं, दुधाचं, पानांचं ‘टर्न’ होतं तेव्हा त्यांची अवस्था बदललेली असते. दूध टर्न झालं म्हणजे नासलं, झाडाची पानं टर्न झाली म्हणजे रंग बदलला, हिरवी केळी टर्न झाली म्हणजे पिवळी पडायला लागली. दुसऱ्यात माणूस, सर्व्हेअर. माणूस ‘टर्न अप’ होतो म्हणजे येऊन ठेपतो, बहुतेक वेळा उशिरा किंवा अनपेक्षित. इथे ‘ओन्ली’ही होतं, म्हणजे आज सकाळी कुठे उगवला. तिसऱ्याच्या सुरुवातीला कोणीच नाही, नुसतं ‘टर्न्स आउट’: असं निघालं की. त्यापुढे मशिन. मशिनला कळ असते, कळ फिरवली की जोर वाढतो किंवा कमी होतो. दिव्याची वात जशी वरखाली करायचे तसंच. म्हणून आवाज, गॅस, तापमान ‘टर्न अप’ केलं म्हणजे वाढवलं, ‘टर्न डाऊन’ म्हणजे उतरवलं. आणि शेवटी माल घेणारा माणूस मालाविषयी बोलतोय. देऊ केलेली गोष्ट ‘टर्न डाऊन’ केली म्हणजे नाकारली. शेवटच्या वाक्यात एकच जोडी दोनदा, दोन अर्थांनी, आणि दोन्ही वेळा नेमकं काय ते ठरतं ‘इट’ आणि ‘दॅट’ कशाच्या जागी आलेत त्यावरून. मुलगा इतका वेळ टर्नशी झुंजत होता. गाठ सुटायची होती ‘इट’पाशी.

बारकावा सांगायचा तर ‘टर्न डाऊन’सारख्या जोडीत सर्वनाम आलं की ते मधे बसतं. ‘टर्न इट डाऊन’ म्हणतात, ‘टर्न डाऊन इट’ म्हणत नाहीत. नाम असेल तर दोन्हीकडे चालतं. त्यामुळे जोडीचे दोन तुकडे एकमेकांपासून लांब पडतात आणि नवखा वाचक ‘टर्न इट’ एवढंच वाचून अर्थ लावून मोकळा होतो. मेल वाचताना पूर्णविरामापर्यंत जाऊन मागे वळून यायची सवय लावावी लागते.

हे सगळं त्याला लगेच पटलं. पुढचं मात्र आम्हा दोघांनाही थोडं चरकवून गेलं. जुने मेल चाळताना एक वाक्य सापडलं: ‘द सेलिंग हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड टू थर्सडे.’ जहाज आधी शनिवारी सुटणार होतं, आता गुरुवारी. त्या वेळी मुलाने याचा अर्थ पुढच्या गुरुवारी असा घेतला होता. बंदरातल्या एजंटने फोन करून सांगितलं म्हणून माल वेळेत निघाला. चूक तिथल्या तिथे निस्तरली गेली आणि कोणाच्या लक्षात राहिली नाही. पण ती चूक का झाली ते बघा. मराठीत ‘पुढे’ म्हणजे नंतर. बैठक पुढे ढकलली, लग्न पुढे गेलं. इंग्रजीत ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडे आणणे, आणि ‘पुट बॅक’ म्हणजे लांबवणे. शब्दाला शब्द लावला की अर्थ बरोब्बर उलटा होतो, आणि तोही तारखेच्या बाबतीत. शब्दही ओळखीचे, वाक्यही सरळ, आणि इथे नामाकडे बघूनही सुटका नाही. अशा जोड्या थोड्या आहेत, पण त्या सुट्या काढून पक्क्या करून घ्याव्याच लागतात. आम्ही त्यासाठी नियम केला की तारीख बदलल्याचा मेल आला की उत्तरात जुनी आणि नवी तारीख आकड्यांत लिहून विचारायचं, बरोबर ना?

तिथून मुलाच्या उत्तरं लिहायच्या पद्धतीकडे वळलो, आणि माझ्या मते खरा बदल तिथे झाला. आधी तो समोरच्याचेच शब्द वापरून उत्तर द्यायचा. त्यांनी ‘सॉर्ट आउट द पेपर्स’ लिहिलं की हा ‘वुई विल सॉर्ट आउट’ लिहायचा. पॅकहाऊसमध्ये सॉर्टिंग म्हणजे प्रतवारी. कागद सॉर्ट आउट करा म्हणजे क्रमाने लावा, असं तो समजत होता. तिकडच्या माणसाला कागदातला घोळ निस्तरून हवा होता. दोघेही तेच शब्द लिहीत होते आणि दोघांनाही वाटत होतं की एकमत झालं. आता तो उत्तर आपल्या जड शब्दांत देतो: तुमच्या म्हणण्यानुसार फळ पिकायला सुरुवात झाली आहे, ते दाराकडच्या रांगांमध्ये आहे, आणि दुसऱ्या कंटेनरचं तापमान 13.5 आहे का ते आम्ही तपासायचं आहे, बरोबर? शाळेने दिलेली कचेरीची इंग्रजी इथे कामी येते. ती टाकून देऊ नका असं मी मुलांना मुद्दाम सांगते. बोलीतल्या इंग्रजीत लिहायची काही गरज नाही. ती वाचता आली पाहिजे, आणि आपल्याला काय समजलं ते आपल्या भाषेत परत सांगता आलं पाहिजे.

भिंतीवर एक तक्ताही लागला. त्याची मांडणी नामांप्रमाणे आहे, क्रियापदांप्रमाणे नाही, आणि हा आग्रह माझा होता. ‘फळ’ या खान्यात टर्न आणि गो ऑफ. गो ऑफ म्हणजे खराब होणे, इथे निघून जाणे नव्हे. ‘भाव’ या खान्यात गो अप, कम डाऊन, आणि नॉक ऑफ, म्हणजे रकमेतून कमी करणे. मागणीच्या खान्यात पिक अप, म्हणजे वाढू लागणे. कंटेनरच्या खान्यातही पिक अप आहे, पण तिथे उचलून नेणे. कागदांच्या खान्यात सगळ्यात जास्त गर्दी. ‘मेक आउट द इनव्हॉइस’ म्हणजे इनव्हॉइस तयार करा. ‘कान्ट मेक आउट द सील नंबर’ म्हणजे सीलचा आकडा वाचता येत नाही. एकच जोडी, एकाच खान्यात, दोन अर्थ, म्हणून ती लाल पेनाने लिहिली आहे. ‘कट’चा खाना वेगळा करावा लागला. आमच्याकडे कटिंग म्हणजे घड कापणं, आणि बंदराचा ‘कट-ऑफ’ म्हणजे कंटेनर आत घ्यायची शेवटची वेळ. शेतावरच्या मुकादमाला फोनवर ‘कट-ऑफ एकोणीस तारीख’ सांगितलं तर तो त्या दिवशी घड कापायला माणसं लावेल, ही भीती आबांनी स्वतः बोलून दाखवली. त्यांना इंग्रजी येत नाही, पण तक्त्यातली सगळ्यात उपयोगी भर त्यांचीच आहे.

तक्त्याला मर्यादा आहेत. तो एका माणसाच्या लिहिण्यावरून तयार झालाय. पलीकडचा व्यवस्थापक या हंगामात बदलला. नवा माणूस वेगळ्या देशातला आहे, त्याची इंग्रजीही आपल्यासारखी शाळेतून आलेली. तो ‘टर्न’ जवळजवळ वापरत नाही, ‘काइंडली रिव्हर्ट’ लिहितो, जे आपल्याला लगेच कळतं आणि जुन्या व्यवस्थापकाला कदाचित कळलं नसतं, कारण त्याच्या इंग्रजीत रिव्हर्ट म्हणजे उत्तर देणे नव्हे, पूर्वीच्या स्थितीला परत जाणे. पण याचेही काही शब्द आहेत. ‘फॉलो अप’ तो तीन प्रकारे वापरतो. मुलाने त्यासाठी तक्त्याखाली नवा पुठ्ठा लावलाय, आणि कांदेबागेचा, म्हणजे पावसाळ्याअखेर लावलेल्या केळीचा, माल सुरू होईपर्यंत त्यावर पुरेशी वाक्यं जमतील असं त्याचं म्हणणं आहे.